आण्णांच्या मापाची सुतळी

बत्तीस वर्षं मी नगरच्या कोर्टात मुद्देमाल सांभाळला, आणि माझ्या ताब्यातून सुतळीचा तोडासुद्धा कधी हरवला नाही.

हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी आता सांगत नाही. मुद्देमाल म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू. कोणाचा विळा, कोणाची फुटकी घागर, कोणाचं चोरीला गेलेलं धोतर. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर, नंबराची नोंद बुकात. एकदा तर एक कोंबडा मुद्देमाल म्हणून आला. खटला सात महिने चालला, आणि सातव्या महिन्यात तो कोंबडा मी साहेबांपुढे जिवंत हजर केला. (हा तोच कोंबडा कशावरून, असं आरोपीच्या वकिलाने विचारलं होतं. तोच होता.)

मग मी रिटायर झालो आणि स्वतःच घरात मुद्देमालासारखा पडून राहिलो. मुलगा नोकरीनिमित्त भिलाईला. सावेडीच्या अंगाला आमचं तीन खोल्यांचं पत्र्याचं घर, त्यात मी आणि आमची मंडळी. मंडळी म्हणजे बायको, यमुना. माझ्या रिटायर होण्याचा तिला तिसऱ्याच दिवशी वीट आला. मी तिच्या डाळींच्या डब्यांना चिठ्ठ्या लावायला घेतल्या होत्या.

"तुम्ही घरात बसणार असाल तर मी बाहेर पडते," ती म्हणाली, आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तिने शिवणाच्या क्लासात नाव घातलं.

क्लासात बाकीच्या मुली सोळा-सतरा वर्षांच्या, लग्नाआधी शिवण शिकून घेणाऱ्या. त्यांच्यात ही, चाळिशी लावून. पहिल्या महिन्यात हिने उशीचा अभ्रा शिवला, तो चारी बाजूंनी. उशी आत घालायची कुठून, एवढंच मी विचारलं, तर दोन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. दुसऱ्या महिन्यात माझा लेंगा झाला. त्याचा एक पाय दुसऱ्यापेक्षा चार बोटं आखूड होता. तो घालून मी दुधाला गेलो, तर आमचा रंगनाथ गवळी म्हणाला, "भाऊसाहेब, पाय मुरगळला का काय?" घरी येऊन मी लेंग्याची तारीफ केली. संसार करायचा तर एवढं करावं लागतं.

पण बाई चिकाटीची. तिने एक जुनं हातमशीन मिळवलं, त्याला तेलपाणी केलं, रोज दुपारी वर्तमानपत्रं कापून कापून हात बसवला. आणि दुष्काळ पडायच्या दोन वर्षं आधीच्या त्या दिवाळीला तिने जाहीर केलं, "यंदा भाऊबिजेला मी आण्णाला कोट शिवणार."

आण्णा म्हणजे तिचा थोरला भाऊ, एकुलता एक. भंडारदऱ्याच्या वरच्या बाजूला त्यांची वाडी. आधी धरणावर राखणदार होते, आता भातशेती बघायचे. तिथली थंडी मी एकदाच अनुभवलीय. पहाटे तोंड धुवायला तांब्या उचलला तो तसाच खाली ठेवला, आणि त्या दिवशी तोंड धुतलंच नाही. आण्णा तिथे जन्मभर एका घोंगडीवर राहिलेले. आडदांड गडी. आमच्या मुलाच्या लग्नात आले तेव्हा तांदळाची दोन पोती दोन काखांत मारून आणली होती. ज्या खुर्चीवर बसले ती खुर्ची आजही माळ्यावर तीन पायांवर पडलेली आहे.

त्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मग आण्णांचं येणं थांबलं. आधी गुडघा धरला, मग त्यांची मंडळी गेली, मग नुसताच निरोप, "यंदा जमत न्हाई." चार भाऊबिजा हिने चंद्राला ओवाळून काढल्या. सख्खा भाऊ असून चंद्राला ओवाळायचं म्हणजे काय, हे ती बोलून दाखवायची नाही. पण त्या दिवशी जेवायची नाही. "तो काहीतरी लपवतोय," एवढंच म्हणायची. "आण्णा आजारी असला तर सांगणाऱ्यातला नाही."

कोटाचं कापड तिने असं मिळवलं की मला मानावं लागलं. कॅम्पाच्या बाजूला मिलिटरीतून निघालेला जुना माल विकणारे बसत. तिथून तिने एक ओव्हरकोट आणला. वरून पार विटलेला, आतून जसाच्या तसा. आठ दिवस बसून तिने त्याचा एकेक टाका उसवला. कापड उलटं करून शिवलं की कोट नवा कोरा. पितळेची बटणं चिंचेने घासून ठेवली.

"असलं गरम कापड पुन्हा मिळायचं नाही," ती मला म्हणाली. "आणि आण्णा चार वर्षांनी येणार. हा कोट बिघडला ना, तर मशीन विकून टाकीन मी."

हे वाक्य मी नीट ऐकलं होतं. नंतर ऐकलं नाही असं म्हणायला जागा नाही.

आता माप. आण्णांच्या वाडीत टेप कुठून येणार? शिवणाच्या बाईंनी तोड सांगितली, की सुतळीला गाठी मारून पाठवा म्हणावं. हिने तसं पत्र टाकलं. आठ दिवसांनी फुगलेलं पाकीट आलं. आत अंबाडीची सुतळी, आण्णांनी स्वतःच्या मांडीवर वळलेली, आणि वाडीच्या शाळेतल्या मास्तरांच्या हातचं चार ओळींचं पत्र. साध्या टोकापासून एक गाठ आहे तिथपर्यंत बाही. दोन गाठी तिथपर्यंत पाठीची उंची. तीन गाठी तिथपर्यंत छाती. तब्येत ठीक. भाऊबिजेला येतो.

हिने सुतळी डोळ्यांना लावली आणि मशीनजवळच्या खुंटीला अडकवली.

"माप नाही घेत?" मी म्हणालो.

"गुरुवारी बाई कोटाचं कटिंग दाखवणार आहेत. तिथेच टेप लावते. उगाच दोनदा मोजलं तर दोन मापं व्हायची."

तो सोमवार होता. बुधवारी घराला चुना मारायला गडी आला. ही चकलीची भाजणी दळायला गिरणीत गेली होती, आणि जाताना मला बजावून गेली होती, "तुम्ही फक्त बघा. मदत करू नका." मी बघत होतो. तेवढ्यात गडी शिडीवरून म्हणाला, "भाऊसाहेब, कुंचा ढिला झालाय. वरचा कोपरा गाठत न्हाई. बांबूला बांधाया सुतळी हाय का?"

घरात सुतळी कुठे असते हे मला रिटायर होऊन वर्ष झालं तरी माहीत नव्हतं. पण एक खुंटीला लोंबत होती. मला एवढंच म्हणायचंय की तिच्यावर चिठ्ठी नव्हती. बत्तीस वर्षांची सवय, जिच्यावर चिठ्ठी नाही ती वस्तू मुद्देमाल नाही. आता तुम्ही म्हणाल, गाठी दिसल्या नाहीत का? दिसल्या की. बांधताना अडचण करतील म्हणून मी त्या एकेक करून सोडवल्या. सहाच्या सहा. पंधरा मिनिटं लागली, आणि शेवटची सुटेना म्हणून दात लावला. मग दोन ठिकाणी बांधावं लागेल असं गडी म्हणाला, म्हणून सुतळीचे बरोब्बर दोन तुकडे करून दिले. काम नीटनेटकं करायची मला खोडच आहे.

ही दुपारी आली. भिंती पांढऱ्याफेक झालेल्या बघून खूश झाली, गड्याला गूळपाणी दिलं. आणि संध्याकाळी पीठ चाळता चाळता म्हणाली, "उद्या आण्णाची सुतळी आठवणीने पिशवीत टाकायची आहे हो."

मी खुंटीकडे बघितलं. मग परसातल्या कुंच्याकडे बघितलं. त्याच्यातून अजून चुना ठिबकत होता.

अशा वेळी माणसापुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे सांगून टाकणं. मी दुसरा धरला.

कोर्टात बसून मी एक शिकलो होतो. खोटा पुरावा पकडला जातो तो घाईमुळे. मी घाई केली नाही. चपला घालून वाण्याकडे गेलो, सुतळी आणली. ती तागाची, पिवळट आणि गुळगुळीत. अंबाडी रंगाने काळपट. म्हणून ही शेजारी गेलेली बघून पातेल्यात चहाचं पाणी उकळलं, सुतळी त्यात बुडवली, चुलीजवळ वाळवली, विटेवर घासून खरखरीत केली. रात्रीच्या जेवणानंतर चहाचा घोट घेतला तशी ही म्हणाली, "चहाला गोणपाटाचा वास येतोय."

"नवा पुडा आहे," मी म्हणालो.

सुतळी झाली, पण माप? आण्णांचं माप माझ्या डोळ्यांपुढे होतं ते खुर्ची मोडल्याच्या वेळचं. एवढ्या अंगाचा माणूस सावेडीत एकच, रंगनाथ गवळी. पहाटे तो दूध घालायला आला तसा मी त्याला अंगणाच्या कोपऱ्यात घेतलं.

"रंगनाथ, जरा हात वर कर."

"का वो?"

"कर तर."

मी त्याच्या छातीभोवती सुतळी फिरवली. तो घाबरला. "भाऊसाहेब, माणूस मोजत्यात कवा ते मला ठावं हाय. तिरडीचं माप घेताय का?"

"विम्याचं काम आहे," मी म्हणालो.

"मी विमा कुठं उतरवलाय?"

"म्हणूनच मोजतोय. श्वास सोड."

त्याने श्वास सोडला नाही, भीतीने धरूनच ठेवला. त्यामुळे छातीत दोनेक इंच आणखी वाढले असावेत. बाही आणि पाठही मोजून मी एक गाठ मारली, दोन मारल्या, तीन मारल्या, आणि ही आंघोळ करून यायच्या आत सुतळी खुंटीला अडकवून दिली. इतकी सुबक बनावट मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. खोटं का बोला, मला क्षणभर अभिमानच वाटला.

गुरुवारी दुपारी ही क्लासातून आली ती जवळजवळ धावतच.

"अहो, चव्वेचाळीस!"

"काय चव्वेचाळीस?"

"छाती. आण्णाची. बाईंनी दोनदा टेप लावली." ती मशीनपाशी बसली, पदर डोळ्यांना लावला, आणि तसंच हसत म्हणाली, "चार वर्षं मी उगाच मनाला लावून घेतलं. म्हटलं, हा आतून खंगत असेल, आणि मला सांगत नसेल. खंगलेल्या माणसाची छाती चव्वेचाळीस भरते का? खाऊन-पिऊन सुखी आहे माझा भाऊ. आळस करतो यायचा, दुसरं काही नाही. येऊ दे आता, चांगला रागावते."

तिथे मी सांगायला हवं होतं. पुढे मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं, की तिचा आनंद मोडवेना म्हणून मी गप्प बसलो. पण ते खरं नाही. मला तिच्या रागाची भीती वाटली. साठीचा माणूस, आणि बायको ओरडेल म्हणून गप्प बसला. बाकी काही कारण नव्हतं.

मग तिने कोट कापला. चव्वेचाळीस छातीचा. शेजारीपाजारी सांगत सुटली, "आमचा आण्णा आहे तसाच आहे हो, पैलवान." चकल्या तळताना सांगितलं, करंज्यांना कातण फिरवताना सांगितलं. आणि कोट असा शिवला की शिवणाच्या बाईंनी तो क्लासात टांगून पोरींना दाखवला. खांदे सरळ, गळा बंद, टाका एकसारखा. चारी बाजूंनी अभ्रा शिवणारी बाई ती हीच का, असा प्रश्न पडावा. मी बटणांना धागा ओवून दिला. तेवढीच माझी मदत तिने घेतली.

भाऊबिजेला सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो. संगमनेरची गाडी आली, माणसं उतरली, पांगली. आण्णा नाहीत. मी परत फिरणार, एवढ्यात मागून आवाज आला, "दाजी."

वळून बघितलं तर एक वाळलेला म्हातारा. पागोटं तेवढं ओळखीचं. त्याच्या खाली चेहरा म्हणजे दोन डोळे आणि नाक. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्या हाताने खांब धरलेला.

"आण्णा?"

"मीच की. वळखलं न्हाई व्हय?" ते हसले आणि खोकला लागला. मी पिशवी घेतली. पाचसहा शेर तांदूळ असतील. दोन काखांत दोन पोती मारणारा माणूस ती पिशवी देताना सुटल्यासारखा दिसला. टांग्यात मी सगळी वाट घोड्याच्या शेपटीकडे बघत होतो.

ही दारात ताट घेऊन उभी होती. आण्णा टांग्यातून उतरले तसं तिचं तोंड पडत गेलं. भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाटावर बसवलं, कुंकू लावलं, ओवाळलं. आण्णांनी ताटात लुगडं ठेवलं. मग हिने कोट आणून त्यांच्या अंगावर घातला.

उंची बरोबर होती. बाही बरोबर होती. पण आण्णांना आत घालून शिवाय त्यात एक पोतं तांदूळ मावला असता. बटणं लावली तरी कोट समोर पोकळ उभा राहिला. आण्णांनी आत हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "झ्याक झालाय. लई गरम हाय."

ही उठली, मशीनच्या खणातून सुतळी काढली, आणि त्यांच्यासमोर धरली.

"आण्णा, ही सुतळी तू पाठवलीस?"

आण्णांनी ती हातात घेतली. दोन बोटांत फिरवली. आयुष्यभर अंबाडी वळलेला माणूस, त्याला वाण्याकडचा ताग कळायला किती वेळ लागणार? मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी नुकत्याच चुना मारलेल्या भिंतीकडे बघत होतो. एक कोपरा राहून गेला होता, असं माझ्या लक्षात आलं.

"व्हय," आण्णा म्हणाले. "मीच पाठवली."

"मग छाती चव्वेचाळीस कशी?"

"लबाडी केली गं. खरं माप बघून तू येड्यावानी रडत बसली असतीस. म्हून जरा सैल बांधलं."

ही तिथेच खाली बसली. "तुझी लबाडी जळो," म्हणाली, आणि लहान पोरीसारखी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. आण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत होते. मी उभा होतो. बत्तीस वर्षांत खोट्या साक्षी मी शेकड्यांनी ऐकल्या. आरोपीला वाचवायला फिर्यादीनेच खोटं बोलावं, असं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

ती स्वयंपाकाला आत गेल्यावर आण्णा ओट्यावर आले. म्हणाले, "दाजी, माझी सुतळी कुठं हाय?"

मी सगळं सांगितलं. गाठी सोडवल्या ते, दात लावला ते, चहाचं पाणी, रंगनाथची तिरडी. ते हसत सुटले. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. मी पाणी आणून दिलं. घोट घेऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"मास्तरला पत्रात काय सांगायचं वो?" ते म्हणाले. "त्यो साऱ्या वाडीला सांगल, आन् यमीला लिवलेलं वाचून धक्का बसंल. म्हटलं, सुतळी मोजली की तिला आपसूक कळंल. कळलं की दुसऱ्या दिशी ती दारात उभी ऱ्हाईल. मी रोज एसटीच्या टायमाला खाली वाटंवर येऊन बसत हुतो."

ते माप नव्हतंच. ते पत्र होतं. आणि मी त्याच्या सहा गाठी सोडवून त्याने कुंचा बांधायला दिला होता.

"मी तिला आत्ता सांगतो," मी उठलो.

आण्णांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. मी हाय तवर सांगू नका. म्हातारपनी तुमचं भांडण माझ्यापायी नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, औषधं लिहून दिली, आणि हिला म्हणाले, "बरे होतील. पण महिनाभर आधी आणलं असतं तर काम सोपं झालं असतं." ही म्हणाली, "हा लपवतो ना हो." आण्णा माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते.

हिने त्यांना दीड महिना हलू दिलं नाही. पहिल्या आठवड्यात कोट उसवून आत घेतला, बत्तीस छातीचा केला. आण्णा दूध-भाकरीवर हळूहळू भरायला लागले, तशी ती दर आठवड्याला शिवण उसवून एकेक इंच सैल करायची. डॉक्टर वजन करायचे, ही कोट करायची. "छत्तीस झाली," असं ती सांगायची तेव्हा तिच्या आवाजात जे असायचं, ते मला ऐकवायचं नाही. मी दळण आणायला निघून जायचो. (त्या दीड महिन्यात मी इतकी दळणं आणली की गिरणीवाल्याला वाटलं, घरात लग्न आहे.)

सदतिसाला आण्णा वाडीला परत गेले. चव्वेचाळीस त्यांची पुन्हा कधी भरली नाही. पण दोन भाऊबिजांना आले, कोट घालून आले. दुष्काळाच्या वर्षी पौषात गेले. कोट आता बाहेरगावी नोकरी करणारा त्यांचा मुलगा घालतो.

आणि माझं म्हणाल, तर त्या पहिल्या भाऊबिजेनंतरच्या दिवाळीला गंमत झाली. कुंचा काढायला ही स्वतः माळ्यावर चढली. खाली आली ती म्हणाली, "यंदा गडी नको. तुम्ही आहात की रिकामे." मला वाटलं काटकसर. आण्णांचा कोट मनात होताच, मी मुकाट्याने तीन खोल्या रंगवल्या. त्याच्या पुढच्या वर्षीही मीच. पाठ धरली, डोळ्यांत चुना गेला, शिडीवरून दोनदा घसरलो. ती खाली उभी राहून सांगायची, "तो कोपरा राहिला."

यंदा आण्णा नाहीत. दिवाळीच्या तोंडावर मी तिसऱ्यांदा शिडीवर होतो, ही खाली चुन्याची बादली धरून. मला ते ओझं सहन होईना. वरूनच म्हणालो, "यमुना, तुला एक सांगायचं आहे. आण्णांच्या सुतळीचं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

तिने पदराच्या गाठीतून सुतळीचे दोन तुकडे काढले. चुन्याने कडक झालेले.

"दोन वर्षांपूर्वी कुंच्यावरून सोडवले. माहेरची अंबाडी आहे, हाताला कळते. त्या गुरुवारी मला चव्वेचाळीसचाच एवढा आनंद झाला, की सुतळीकडे बघितलंच नाही मी." तिने तुकडे जोडून धरले. "गाठी सोडल्या तरी वळ राहतात. टेप लावून बघितली मी. बत्तीस."

माझ्याने खाली बघवेना. "आण्णांना सांगितलंस?"

"नाही. त्याला वाटत होतं तो तुम्हाला वाचवतोय. वाटू दे म्हटलं."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही केव्हा बोलता ते बघत होते." तिचा आवाज बदलला. "त्या दिवशी सांगितलं असतंत ना, तर मी ओरडले असते. पुष्कळ ओरडले असते. आणि संध्याकाळच्या गाडीने आण्णाकडे गेले असते."

बत्तीस वर्षं कोर्टात काढली, पण निकाल कधीच लागलाय, तिसऱ्या वर्षाची शिक्षा चालू आहे, आणि आरोपी अजून शिडीवर उभा राहून कबुलीजबाब द्यायची वेळ शोधतोय, असा खटला मी पाहिला नव्हता. आमच्या तिघांत कायदा कळणारा मी एकटाच, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

"शिक्षा किती वर्षांची आहे?" मी विचारलं.

तिने बादली वर धरली.

"तो कोपरा राहिला," ती म्हणाली.